सहा जणांची ग्रिल

रविवार, २ मार्च

ते कोपर माझ्या मुलाचं आहे!

विहीणबाईंनी दुपारी स्टेटसला फोटो टाकला. त्यांची गच्ची. त्यांची नवी इलेक्ट्रिक ग्रिल — लालचुटूक, उभी, झाकणाची. तिच्यावर ओळीने सळया — ढोबळी मिरची, मशरूम, कोंबडीचे तुकडे. खाली एकच शब्द, ‘रविवार!’ आणि उजव्या कडेला, अर्धं कापलं गेलेलं, एका पुरुषाचं कोपर.

उभा जन्म एक्स-रे काढण्यात गेला माझा. चेहरे विसरते, पण कोपरं नाही विसरत. त्यातून हे तर मी जन्माला घातलेलं.

सकाळीच फोन आला होता त्याचा. ‘आज नाही जमणार आई, तिच्या आईकडे जायचंय.’

‘मागच्या रविवारीही तिकडेच होतात ना रे?’

‘हो... असतं गं त्यांचं काहीतरी.’

काहीतरी म्हणजे हे! ह्यांना फोटो दाखवला. चष्मा पुसला, मोबाइल लांब धरला, जवळ धरला. म्हणाले, ‘कोपर आहे.’

‘कुणाचं?’

‘कोपरासारखं कोपर आहे. कुणाचंही असेल.’

ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ नाही.


सोमवार, ३ मार्च

आज एका बाईंना तीनदा ‘श्वास रोखा’ म्हणाले आणि ‘सोडा’ म्हणायचं विसरले. बिचाऱ्या जांभळ्या पडायच्या बाकी होत्या. डोक्यात ती लाल ग्रिल.

एकदा मनातलं लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय! मला विहीणबाई बघवत नाहीत. वाईट आहेत असं नाही. वाईट असत्या तर सोपं झालं असतं. तलावावर पोहायला शिकवतात. खांदे ताठ, पोट सपाट, हसतात ते शेवटच्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. मी मनातल्या मनात त्यांना जलपरी म्हणते. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठे रड नाही. लग्नात सगळे म्हणत होते, ‘अय्या, नवरीची मोठी बहीण वाटते!’ आणि माझ्याकडे वळून — ‘तुम्ही दमलेल्या दिसता.’

त्याचंही काही नाही. पण मुलगा त्यांनाही ‘आई’ म्हणतो. हे मात्र इथे, मानेच्या खाली अडकतं. सून मला आई म्हणते ते गोड लागतं. तो त्यांना म्हणतो ते नाही लागत. न्याय नाही यात, माहितीये. नसू दे.


बुधवार, ५ मार्च

मुलगा येऊन गेला. एकटाच. संध्याकाळी, न सांगता.

‘ती कुठे?’

‘मीटिंग आहे तिची.’

सुनेची मीटिंग नेहमी मी असते तेव्हाच! आईकडे जायच्या दिवशी बरी मीटिंग नसते.

वाळलाय. शर्टाची कॉलर मानेभोवती फिरत होती. मी वाढता वाढता म्हटलं, ‘काय रे, एवढं भाजून भाजून घालतात तिकडे, जातं कुठे?’ तो ताटात बघत राहिला.

‘कशी आहे ग्रिल?’

‘कुठली?’

‘कुठली म्हणे! लाल. गच्चीवरची.’

‘हां... ती. चांगली आहे.’

साळसूद! तोंडातून आईला दुखवणारा शब्द निघू नये म्हणून जपत होता. मला सगळं कळतं. दुसऱ्यांदा आमटी मागितली तेव्हा एवढं बरं वाटलं, की मी ह्यांच्या वाटणीचीही त्यालाच वाढली.

जाताना दारात उगाच थांबला. ‘काही हवंय का?’ विचारलं. ‘नाही गं, असंच.’ मग गेला.


शुक्रवार, ७ मार्च

ठरलं. आपणही ग्रिल घ्यायची.

जेवताना ह्यांना सांगितलं. हे आयुष्यभर ड्राफ्ट्समन. कुठल्याही गोष्टीला आधी माप घेतल्याशिवाय हो म्हणत नाहीत. उठले, टेप घेऊन बाल्कनीत गेले. मी आतून ओरडले, ‘अहो, आधी जेवा तरी!’ बाहेरून उत्तर — ‘कुंड्या हलवाव्या लागतील.’

म्हणजे होकार.

कोळशाची आणि गॅसची बाल्कनीत चालणार नाही, सोसायटीचा नियम आहे. त्यामुळे विजेचीच. ह्यांनी कागदावर बाल्कनीचा नकाशा काढला, त्यात दोरी, कुंड्या, मधोमध चौकोन, आणि चौकोनात लिहिलं ‘शेगडी’.

‘शेगडी नाही हो, ग्रिल.’

‘वायर तापणार आणि वर अन्न भाजणार. शेगडीच.’


शनिवार, ८ मार्च

दुकान. पाय मोडले.

मला वाटलं होतं, जायचं, लाल सोडून दुसरा रंग बघायचा, उचलायची. छे! एक टेबलावर ठेवायची, एक पायांवर उभी. एकीला काचेचं झाकण, एकीला पत्र्याचं, एक उघडीच. कुणाला जाळी, कुणाला न चिकटणारा सपाट तवा. एकीत दोन्ही, अर्धी जाळी नि अर्धा तवा. दुकानातली मुलगी फार चुणचुणीत, न कंटाळता सांगत होती. ‘बाल्कनीत वारा असेल तर झाकणाचीच घ्या काकू. उघडीचा ताप वारा घेऊन जातो, मग एका बाजूने कच्चं राहतं.’ मग खालचा ट्रे ओढून दाखवला — त्यात पाणी घालायचं, चरबी पाण्यात पडते, धूर होत नाही.

हे खाली बसून वायरीची लांबी बघत होते. ‘एक्स्टेन्शन लावून चालेल का?’

‘नको काका. एवढा भार साध्या वायरीवर नको. बाल्कनीत जाड पिनेचा सॉकेट आहे?’

नाही. बाल्कनीत आहे तो मोबाइल चार्ज करायचा. हे माझ्याकडे बघून मान हलवायला लागले, म्हणजे आता राहू दे, घरी जाऊ. मी म्हटलं, ‘सॉकेट बसवून घेऊ.’

मग तिने विचारलं, ‘किती माणसांसाठी हवी?’

हे म्हणाले, ‘दोघं.’

मी म्हणाले, ‘सहा.’

मुलगी एकदा ह्यांच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे. हे हळूच — ‘अगं, सहा कोण?’

‘आपण दोघं, ती दोघं. पुढे त्यांना मूल होईल, ते पाचवं.’

‘आणि सहावं?’

‘पाहुणा!’

पाहुणा कोण ते मी सांगितलं नाही. जलपरीला एकदा बोलवायचं आहे. आपल्या बाल्कनीत, आपल्या ग्रिलपाशी उभं करायचं आहे, आणि मुलगा माझ्या हातचं खाताना त्यांना दाखवायचं आहे. एवढंच.

राखाडी रंगाची, उभी, जाळी नि तवा दोन्ही, वर घट्ट झाकण. विहीणबाईंच्या ग्रिलपेक्षा रुंद आहे. फोटो मोठा करून करून ताडून पाहिलं.


रविवार, ९ मार्च

आजही तिकडेच. लिहावंसं वाटत नाही.


मंगळवार, ११ मार्च

जलपरीचा फोन! मी डार्करूममध्ये होते — आता तिथे सगळं कॉम्प्युटरवर असतं, पण आम्ही अजून डार्करूमच म्हणतो. बाहेर येऊन घेतला.

‘विहीणबाई, सहज केला हो. ऐकलं, तुम्ही ग्रिल घेताय?’

कुणी सांगितलं? मुलाला मी शनिवारी रात्री बोलले होते. म्हणजे दुसऱ्या दिवशी गच्चीवर माझ्या ग्रिलची चर्चा झाली! म्हटलं, ‘हो, बघू या म्हटलं.’

‘लेक म्हणाली फोनवर. छान केलंत. पहिल्यांदा चालवाल ना, तेव्हा रिकामीच तापवा, नव्या पत्र्याचा वास जातो. आणि ट्रेमध्ये पाणी विसरू नका हं.’

शिकवतात! पोहायलाही शिकवतात नि मलाही शिकवतात. आणि मग विचारतात काय — ‘मुलं मजेत ना?’

मुलं मजेत ना! मला विचारताहेत! दर रविवारी माझं पोर त्यांच्या गच्चीवर, आणि वर माझ्या जखमेवर मीठ. मीही कमी नाही. म्हटलं, ‘अगदी मजेत. तुम्हाला काय सांगायचं!’

त्या म्हणाल्या, ‘हो ना. असू देत. मजेत असली की झालं.’ आणि ठेवला.

आवाज उतरला होता. बरी झोंबली मिरची.


गुरुवार, १३ मार्च

इलेक्ट्रिशियन येऊन सॉकेट बसवून गेला. भिंत फोडली, धूळ थेट दिवाणखान्यापर्यंत. हे धूळ झाडत म्हणाले, ‘घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं.’ मला हसू आलं. फार दिवसांनी आलं.


शनिवार, १५ मार्च

ग्रिल आली!! बाल्कनी भरून गेली. कपड्यांची दोरी काढावी लागली. एका कुंडीला जिन्यात जावं लागलं. पण काय दिसते! दिवाणखान्याचा दिवा लावला की झाकण चमकतं.

रिकामी तापवायची नाही असं ठरवलं. जलपरीने सांगितलं म्हणून का करायचं? वांग्याचे काप ठेवले. असा वास सुटला, जणू नव्या टायरवर भाजतेय. घाईत ट्रेमध्ये पाणीही राहिलं. धूर! खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई बाल्कनीतून वर बघत ओरडल्या, ‘काय जळतंय?’

हे रेलिंगवरून वाकून म्हणाले, ‘आमची ही.’

दोन मजले हसले. मी आत निघून गेले. वांगी फेकून दिली, मग गुपचूप ग्रिल रिकामी तापवली. वास गेला. तेही इथेच लिहिते, दुसरीकडे कबूल करणार नाही.


रविवार, १६ मार्च

आम्ही दोघंच. आज नीट जमलं. कणीस, रताळी, कोंबडी. झाकण टाकलं की वाऱ्याचा काही त्रास नाही. कणसाचे दाणे टपटप फुगले.

पण दोघांचं असून असून किती? जाळीच्या एका कोपऱ्यात सगळं मावलं. बाकीची जाळी उगाच तापत राहिली. ह्यांनी ते पाहिलं असावं. आतून बटाटे आणले नि लांब लांब मांडून ठेवले.

‘एवढे बटाटे कोण खाणार?’

‘मी,’ म्हणाले. आणि खरंच खाल्ले! वर म्हणतात, ‘शेगडी झकास आहे.’

विहीणबाईंचं आज स्टेटस नाही. मी बघितलं. परत बघितलं. मुलगा तिथे असताना फोटो काढायला फुरसत कशाला मिळेल म्हणा!


मंगळवार, १८ मार्च

बोलावलं. सगळ्यांना. येत्या रविवारी, बारा वाजता.

मुलाला सांगितलं. ‘तू, ती, आणि तिच्या आईलाही बोलावते.’

‘तिच्या आईलाही?’ एकदम जोरात म्हणाला. मग आवाज खाली. ‘कशाला पण आई? एवढा पसारा...’

‘का? आम्हाला नाही का कधी हौस? तिकडे बरं चालतं!’

‘बघतो,’ म्हणाला.

सुनेचा लगेच मेसेज. ‘नक्की प्रयत्न करते, आई.’ प्रयत्न! डोंगर चढायचाय जणू.

जलपरीने मात्र पहिल्या वाक्याला हो म्हटलं. ‘येते की! सकाळची बॅच संपवून तलावावरून थेट येते. किती दिवस झाले हो सगळे एकत्र बसून!’ एवढ्या खूश, की मला वाटलं, टोमणाच असेल.


शनिवार, २२ मार्च

सगळं तयार. कोंबडी दह्यात मुरतेय. मासे साफ करून ठेवले. अननसाच्या चकत्या. मुलाला आवडतात म्हणून मशरूम — आमच्या घरात दुसरं कुणी तोंडही लावत नाही. हे सळया मोजतात, पुसतात, परत मोजतात. उद्या निळी साडी.


रविवार, २३ मार्च

नीट, क्रमाने लिहिते.

अकरा वाजता मुलाचा मेसेज. ‘आई सॉरी. तिला ताप आहे. नाही येता येणार. तुम्ही जेवून घ्या.’ मी सोफ्यावर बसूनच राहिले. पहिला विचार काय आला? की आता आईच्या घरी पडली असेल, मुलगा उशाशी, आणि जलपरी दोघांना सूप पाजतेय. म्हणजे तीही येणार नाही. हे म्हणाले, ‘अगं, ताप कुणालाही येतो.’ मी म्हटलं, ‘बरोबर आजच येतो!’

बारा वाजता बेल. दारात विहीणबाई! केस ओले, अंगात ट्रॅकसूट, खांद्यावर बॅग, हातात कलिंगड. चप्पल काढता काढता हसत विचारतात, ‘मुलं कुठायत? बाल्कनीत का?’

मी बघतच राहिले. म्हटलं, ‘मुलं तुमच्याकडे आहेत ना? तिला ताप आहे ना?’

‘ताप? कुणाला ताप?’

कलिंगड तसंच हातात धरून त्यांनी फोन काढला. सकाळपासून लॉकरमध्ये होता म्हणे. लेकीचा मेसेज येऊन पडला होता. मोठ्याने वाचला त्यांनी — ‘आई, आम्हा दोघांना कामासाठी अचानक बाहेरगावी यावं लागलं. आज सासूबाईंकडे नाही जमणार. तूही जाऊ नकोस.’

मी माझा फोन पुढे केला. दोन्ही फोन आम्ही चहाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एकात ताप. एकात बाहेरगाव.

हे बाल्कनीतून आत आले. हातात चिमटा. आमच्याकडे बघत उभे राहिले.

मी म्हटलं, ‘पण दर रविवारी तर तुमच्याकडेच असतात.’

‘माझ्याकडे?’ विहीणबाई सावकाश खाली बसल्या. ‘माझ्याकडे कुठे हो? दर रविवारी तुमच्याकडे असतात ना? लेक तेच सांगते. सासूबाईंकडे चाललोय, सासूबाईंनी बोलावलंय.’

‘मग तो फोटो? कोपर होतं त्यात. माझ्या मुलाचं.’

त्यांना आधी कळेचना. मोबाइलमध्ये शोधलं त्यांनी. मग म्हणाल्या, ‘हे? हे आमच्या टाकीच्या दुरुस्तीला आलेल्या माणसाचं. एवढं भाजून बसले होते. वाटलं होतं, ग्रिलच्या निमित्ताने तरी येतील पोरं. तुमच्याकडे सारखी जातात, आपल्याकडेही काहीतरी ओढ हवी, म्हणून तर घेतली मी ती. नाहीच आली. एकटीने काय खायचं? त्यालाच बसवलं.’

आणि रडल्या. त्या! मला वाटायचं, त्यांना रडता येत नाही. ओल्या केसांचं पाणी कॉलरवर, डोळ्यांचं गालावर, कलिंगड मांडीवर. मला काय करावं सुचेना. शेवटी टॉवेल आणला आणि त्यांचे केस पुसले. माझ्याच हातांनी.

‘मला तुमचा फार हेवा वाटायचा हो,’ त्या टॉवेलच्या आतून म्हणाल्या.

मी केस पुसत राहिले.

ग्रिल तापून बसली होती. हे म्हणाले, ‘आधी दोन घास खा दोघी.’ सगळं भाजलं त्यांनीच. विहीणबाईंनी मासे उलटले. मशरूम तशीच राहिली. कुणी कुणाची फजिती केली नाही, कुणी ग्रिलचं कौतुक केलं नाही. खाऊन झाल्यावर, हात पुसता पुसता, ह्यांनी एवढंच विचारलं —

‘मग दर रविवारी ही पोरं जातात कुठे?’


सोमवार, २४ मार्च

मुलाला फोन केला. म्हटलं, ‘काल तिची आई आली होती इथे.’ म्हणाला, ‘उद्या येतो.’


मंगळवार, २५ मार्च

आला. बूटही काढले नाहीत. दारातच सांगितलं. ‘आई, आम्ही वेगळे राहतोय. नोव्हेंबरपासून.’ भांडण नाही म्हणाला, मारामारी नाही, तिसरं कुणी नाही. ‘नाही जमलं गं. कुणाला कसं सांगायचं तेच कळत नव्हतं.’ सून घरातच आहे. हा ऑफिसजवळ एक खोली घेऊन राहतो. रविवारी दिवसभर झोपतो म्हणाला.

मग लहानपणी विचारायचा तसं विचारलं, ‘रविवारी इथे येत जाऊ का?’

‘ये की,’ म्हटलं. जवळ घेतलं. आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवताना मनात एकच — नको रे येऊस. तिकडे जा. दर रविवारी तिकडेच जा.